प्रश्न सतरावा

फाईल उघडेना, म्हणून माझ्याकडे आली:
क्लायपेदा बंदरातल्या मासळीच्या शीतगोदामाचा
सुरक्षा-अभ्यासक्रम. साल दोन हजार सहा. फ्लॅशमधला.
सोबत एवढंच: चालता करून द्या,
फोनवर दिसायला हवा, पोरं आता फोनवरच शिकतात.

जुना संगणक काढला. त्याला मी नेटपासून तोडून ठेवलाय,
साथीच्या दिवसांत माणसाला ठेवतात तसा, वेगळ्या खोलीत.
कुरकुरत उठला. आणि त्याच्या आत
पिवळ्या हेल्मेटचा एक माणूस चालू लागला.
डावा पाय, उजवा पाय, दोन्ही जवळ,
एवढ्या तीन चित्रांवर इतकी वर्षं चालत आलेला.
समोरच्या दारावर ‘बाहेर’ लिहिलेलं,
त्यातली आमची टोपीवाली, टिंबवाली अक्षरं
तेवढी चौकोन झालेली.
दाराशी पोचायच्या आधी तो दर वेळी
पहिल्या पावलावर परत येई.

तीन आठवडे मी त्याला सोडवत होते.
हात वेगळा, हेल्मेट वेगळं, सावली वेगळी,
काटे काढावेत तशी.
बटणं बोटाच्या मापाची केली.
‘पुढे चला’ म्हणणाऱ्या आवाजाला सर्दी होती,
वाक्याच्या शेवटी तो नाक ओढतो.
ते काढता आलं असतं. नाही काढलं.

सतराव्या प्रश्नाशी घोडं अडलं.
*अमोनिया गळतोय. वारा खाडीकडून आहे. कुठे पळाल?*
मी दुसरं दाबलं: वाऱ्याला आडवे.
लाल फुली.
पुन्हा दाबलं. पुन्हा फुली.
आत जाऊन पाहिलं, तर बरोबर उत्तर तीन.
तीन म्हणजे वाऱ्यासोबत,
म्हणजे त्या ढगाचं बोट धरून.
कुणीतरी, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी,
दोनच्या जागी तीन टाइप करून घरी गेलं होतं.

मी दोन केलं. चाचणीला पाठवलं.
नवी पोरं पास झाली.
जुनी झाडून सगळी सतराव्याला नापास.

दुसऱ्या दिवशी फोन: गेनोवाइते,
हेरिंगच्या पट्ट्यावर एकतीस वर्षं.
“अगं पोरी, सतराव्याचं तिसरं असतं.
सगळ्यांना माहीत आहे.
नवीन माणसाला पहिल्या दिवशी बूट देतो
आणि कानात सांगतो, सतराव्याला तिसरं.”

“म्हणजे तुम्ही वाऱ्यासोबत पळाल?”

पलीकडे हसू, मग खोकला, मग परत हसू.
“वेड लागलंय का मला?
तेराच्या फेब्रुवारीत तीन नंबरची खोली फुटली ना.
रिमगौदसनं गळ्यातला मफलर काढून उंच धरला,
कुठे उडतो पाहिलं,
आणि आम्ही चाळीस जणं आडवे,
रुळांपर्यंत, खोक्यांवरून उड्या मारत.
स्टिंता मासळीची खोकी उलटली,
तिला काकडीचा वास असतो, ठाऊक आहे ना तुला?
डोळ्यांतून पाणी, नाकात अमोनिया, आणि मधूनच काकडी.
सगळे वाचलो. झिद्रूनसचा एक बूट गेला.”

“आणि त्या वर्षीची परीक्षा?”

“दोन आठवड्यांनी झाली. चाळिसांनी तिसरं दाबलं.
परीक्षा ती परीक्षा.”

मी सांगितलं, आता दुसरं बरोबर आहे.
जे तुम्ही केलंत तेच.
ती गप्प झाली. मागे पट्ट्याची घरघर,
कुणीतरी तिला हाक मारत होतं.
“म्हणजे आता नव्या पोराला
बूट देताना सांगायचं काय?”

मला काही सुचलं नाही.
ती म्हणाली, “बघते,” आणि फोन ठेवला.

संध्याकाळी शेवटची फाईल चढवली.
नव्या साच्यात तो माणूस लोण्यासारखा चालू शकतो,
साठ चित्रं सेकंदाला.
मी तीनच ठेवली.
फक्त दार चार बोटं अलीकडे ओढलं.
डावा पाय, उजवा पाय, दोन्ही जवळ,
आणि हात दाराच्या कडीवर.